शिवी कुणाला लागते?

२१ फेब्रुवारी २०२५. जयपूरच्या विधानसभेत प्रश्नोत्तराचा तास चालू होता. विषय नोकरदार महिलांच्या वसतिगृहांचा, म्हणजे अगदीच कोरडा. उत्तर देताना सामाजिक न्यायमंत्री अविनाश गहलोत काँग्रेसच्या बाकांकडे बघून म्हणाले की, तुमच्या सरकारनं नेहमीप्रमाणे या योजनेलाही ‘आपकी दादी’ इंदिरा गांधींचं नाव देऊन टाकलं. एवढ्यावर सभागृह पेटलं. विरोधक अध्यक्षांच्या आसनाकडे धावले. प्रदेशाध्यक्ष गोविंदसिंह डोटासरांसह काँग्रेसचे सहा आमदार निलंबित झाले. आमदारांनी सभागृहातच पथाऱ्या टाकल्या. चार दिवसांनी अध्यक्ष वासुदेव देवनानी आपल्याबद्दल वापरल्या गेलेल्या शब्दांविषयी बोलताना रडू आवरू शकले नाहीत. ते शब्द कामकाजात सापडणार नाहीत. कामकाजातून काढून टाकणं हीच सभागृहाची फुल्या मारायची पद्धत.

गंमत बघा, ‘दादी’ हा घराघरातला मानाचा शब्द. त्यात शिवीचा मागमूस नाही. याच विधानसभेनं यापूर्वी ‘कांव कांव करना’ असंसदीय ठरवलेलं आहे, आणि लोकसभा सचिवालयानं २०२२ मध्ये छापलेल्या यादीत ते नोंदलेलंही आहे. म्हणजे कावळ्याचा आवाज चालत नाही, आजी चालत नाही. बाहेर मात्र विधानसभेपासून परकोट्याच्या आतल्या जुन्या शहरापर्यंत रिक्षानं जावं, तर तेवढ्या अंतरात आईमाईवरून किती शिव्या कानावरून जातात याचा हिशेब कुणी ठेवत नाही. ठेवायचं कारणही कुणाला वाटत नाही.

शिवीबद्दल आपण बोलायला बसलो की शब्दाबद्दल बोलतो. किती घाण आहे, कुठल्या अक्षरानं सुरू होतो, पोरांसमोर म्हणावा का. जयपूरमध्ये या विषयाच्या मागे फिरताना मला पुन्हा पुन्हा वाटत राहिलं की आपण मोजमापच चुकीचं घेतोय. शिवी शब्दात नसते. ती वरून खाली येते की खालून वर जाते, त्यावर ती शिवी आहे की थट्टा, हे ठरतं. समाजाला हे पक्कं ठाऊक आहे. मनूलाही ठाऊक होतं. कळत नाही ते आपल्या आजच्या कायद्यालाच, आणि कळतं तेव्हा अर्धंच कळतं.

जीमणाच्या पंगतीत

ढूंढाड म्हणजे जयपूर आणि भोवतालचा मुलूख. इथल्या जुन्या वळणाच्या लग्नांत मुलीकडच्या बायका वऱ्हाडाला शिव्या घालतात, आणि त्या गाण्यातून. त्या गाण्यांना ‘सीठणे’ म्हणतात, कुठे सरळ ‘गाळ’. वऱ्हाड जीमायला बसलं की जाळीआडून, गच्चीवरून, आता माइकवरून आवाज सुरू होतो. आधी नावांची चौकशी होते. व्याह्याचं नाव काय, त्याच्या बहिणीचं काय, मेहुण्याचं काय. मग एकेक नाव गाण्यात गुंफलं जातं. अमक्याची बहीण कुणाचा हात धरून पळाली, तमक्याच्या आईनं पुजाऱ्याला काय दाखवलं. ज्याचं नाव निघालं तो खाली मान घालून पुरी मोडत राहतो आणि कडेला बसलेले त्याला कोपरानं ढोसतात. शेवटी तोच उठून गाणाऱ्या बायकांना नेग, म्हणजे मानाचे पैसे देतो. ज्याचं नावच निघालं नाही तो मनात खट्टू होतो, कारण त्याला कुणी धरलंच नाही, असा त्याचा अर्थ.

हा प्रकार काही रानटी, अडाणी लोकांचा म्हणून बाजूला सारता येत नाही. तुलसीदासांनी रामाच्या लग्नात जनकाच्या घरच्या बायकांना वऱ्हाडी मंडळींची नावं घेऊन गाळी गायला लावल्या आहेत, आणि ऐकणारे त्यात सुखावतात. याच राजस्थानात वरात मुलीच्या गावी गेली की मुलाच्या घरी मागे राहिलेल्या बायकांची ‘टूंट्या’ होते. एक बाई नवरा होते, एक नवरी, आणि लुटुपुटूचं लग्न लागतं. त्या रात्री जे बोललं जातं ते पुरुषांच्या कानांसाठी नसतं.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ ॲन ग्रोडझिन्स गोल्ड यांनी अजमेरकडच्या घटियाली गावात वर्षानुवर्षं राहून ही गाणी गोळा केली. ग्लोरिया रहेजा यांच्याबरोबर त्यांनी १९९४ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाचा सगळा रोख या बायकांच्या बोलण्याकडे आहे. घुंगटाआडची बाई गप्प, लाजरी आणि सोसणारी, हे बाहेरच्यांनी रंगवलेलं चित्र. तीच बाई गाण्यात काय काय बोलते हे ऐकलं की ते चित्र टिकत नाही.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते दिशेचं. मुलीकडची बाजू खालची, मुलाकडची वरची, हा उत्तरेतल्या लग्नाचा नियम. मुलीचा बाप हात जोडून उभा. त्या एका पंगतीपुरती उतरंड उलटी होते आणि खालची बाजू वरच्या बाजूला शिव्या घालते. वर जाणारी शिवी समाजाला चालते, पण गाण्यातून, जेवण होईपर्यंत आणि नेग घेऊन. दुसऱ्या दिवशी मुलीच्या बापानं व्याह्याला त्यातला एक शब्द साध्या बोलण्यात वापरून पाहावा. हेही सांगायला हवं की गाणाऱ्या बायकाच असल्या तरी गाण्यात अब्रू निघते ती बायकांचीच. व्याह्याला टोचायचं तर त्याच्या बहिणीला उघडं पाडावं लागतं. उतरंड एका बाजूनं उलटली, तरी दुसऱ्या बाजूनं होती तशीच राहिली.

सुधारकांना ही गाणी कधी पचली नाहीत. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात कलकत्त्यातल्या मारवाडी सुधारकांनी बालविवाहाच्या जोडीला बायकांच्या ‘गंद्या गीतां’विरुद्ध मोहीम उघडली होती. सुशिक्षित घरच्या बाईच्या तोंडी हे शोभत नाही, असा तो सूर. पुरुष रस्त्यावर ज्या शिव्या देत होते त्यांच्याविरुद्ध तेवढ्या तडफेनं कुणी उठल्याचं दिसत नाही. आज जयपूरच्या मॅरेज गार्डनमध्ये डीजे वाजतो. बन्ना-बन्नीची गोड गाणी टिकली, सीठणे मागे पडले. बायकांची शिवी गेली, पुरुषांची राहिली.

जौहरी बाजारातली उतरंड

जौहरी बाजाराच्या आतल्या गल्ल्यांत सोन्याचांदीची गलाई करणारी मराठी कुटुंबं भेटतात. खानापूर-आटपाडी-विट्याकडची ही मंडळी, देशभरातल्या सराफ बाजारांत पसरलेली. भट्टीच्या धगीत कळकट झालेल्या अशाच एका दुकानात बसून मी मालकांना विचारलं की इथल्या शिव्या आणि आपल्याकडच्या यांत फरक काय.

‘‘फरक कसला, दादा,’’ ते म्हणाले. ‘‘आपल्याकडं तोंड उघडं. हितं आधी मान देत्यात. आप, जी, सा, हुकम. गिऱ्हाइकाला चुकून तू म्हटलं तर माल उचलून शेजारच्या दुकानात जाईल. आणि त्योच माणूस फोनवर भावाशी बोलताना वाक्याला दोन घालतोय.’’

आतून चहा घेऊन आलेल्या वहिनींनी भर घातली. ‘‘पोरांना गावाकडच्या शिव्या येतच नाहीत. च्यायला म्हटलेलंसुद्धा कळत नाही त्यांना. हितल्या मात्र सगळ्या येतात.’’ आणि मग जरा थांबून, ‘‘मला नाही येत हं.’’

दुकानाच्या ओट्यावरून गल्ली दिसत होती. दोन स्कूटरवाले समोरासमोर अडले. दोघांनी एकमेकांच्या बहिणींचा उद्धार केला, कुणी आधी मागे घ्यायचं यावर थोडी हुज्जत झाली, दोघं हसले आणि निघून गेले. थोड्या वेळानं त्याच जागी एका हातगाडीनं वाट अडवली. गाडीवर पोती, ओढणारा पन्नाशीचा. मागून आलेल्या तरुण स्कूटरवाल्यानं तीच शिवी दिली, अक्षरशः तीच. हातगाडीवाला ‘‘हां भाईसाब, हां भाईसाब’’ म्हणत गाडी भिंतीला टेकवत राहिला. शिवी ऐकू आल्याचंही त्यानं चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

‘‘त्यानं उलट दिली असती तर?’’ मी विचारलं.

‘‘दिलीच नसती,’’ मालक म्हणाले. ‘‘आणि दिली असती तर मार खाल्ला असता. मग सगळे म्हणाले असते, तोंड लई चालतंय याचं.’’

शब्द तोच, गल्ली तीच. पहिल्यांदा ती नुसती वाफ होती, दुसऱ्यांदा थप्पड. शब्दकोशात या दोन शिव्या वेगळ्या काढता येणार नाहीत. आणि कायद्याच्या पुस्तकातही नाहीत, हे पुढे कळत गेलं.

फिर्यादीची भाषा

शिवीगाळीची फिर्याद कशी लिहितात ते बघण्यासारखं असतं. महाराष्ट्रात ठाण्यात जा, ‘‘अश्लील भाषेत शिवीगाळ करून जिवे मारण्याची धमकी दिली’’ हे वाक्य ठरलेलं. राजस्थानात ‘‘माँ-बहन की गंदी-गंदी गालियाँ दीं’’ आणि त्याच्यापुढे, प्रकरण तसं असेल तर, ‘‘जातिसूचक शब्दों से अपमानित किया’’. नेमका शब्द लिहायचा तर तो फिर्यादीला पुन्हा उच्चारावा लागतो, तोही हवालदारासमोर. फिर्याद देणारी बाई असेल तर ती तो शब्द म्हणत नाही आणि लिहिणारा विचारत नाही. म्हणून ठरलेलं वाक्य लिहिलं जातं. पुढे वर्षानुवर्षांनी प्रकरण वरच्या कोर्टात गेलं की बचावाचा वकील म्हणतो, फिर्यादीत शब्दच नाहीत, मग अश्लील काय ते कसं ठरवायचं? आणि अनेकदा त्याच मुद्द्यावर गुन्हा रद्द होतो. ज्या लाजेपोटी बाई शब्द उच्चारत नाही, ती लाजच आरोपीच्या कामी येते.

कायद्याची कलमं थोडक्यात अशी. सार्वजनिक जागी अश्लील गाणं किंवा शब्द उच्चारून इतरांना त्रास देणं हा १८६० च्या दंड विधानात २९४ व्या कलमाखाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो २९६ व्या कलमात आला आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. समोरच्यानं भडकून शांतताभंग करावा म्हणून मुद्दाम केलेल्या अपमानाला ३५२ वं कलम. बाईच्या शीलाचा अवमान करणाऱ्या शब्दांना ७९ वं. पहिलं कलम आजूबाजूच्या ऐकणाऱ्यांची अडचण बघतं, दुसरं रस्त्यावरची शांतता. ज्याच्या अंगावर शिवी आली त्या माणसाचं काय झालं, हा प्रश्न दोन्हींत दुय्यम. हातगाडीवाला तर भडकतही नाही, शांतताही मोडत नाही. त्याचं गप्प बसणं कायद्याच्या हिशेबात येतच नाही. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं एन. एस. मदनगोपाल खटल्यात स्पष्टच केलं की शब्द अपमानकारक किंवा मानहानीचे आहेत एवढ्यानं २९४ लागत नाही.

अश्लीलतेच्या बाजूनं मात्र कोर्टं हळूहळू शहाणी होत गेली. ‘बॅन्डिट क्वीन’मधल्या शिव्यांवरून वाद सुप्रीम कोर्टात गेला तेव्हा १९९६ मध्ये कोर्टानं सरळ म्हटलं की या शिव्या गावोगावच्या रस्त्यांवर रोज ऐकू येतात, चित्रपटात ऐकून कुणी मोठा माणूस त्या द्यायला शिकणार नाही. ‘कॉलेज रोमान्स’ या वेब मालिकेचं प्रकरण तर फारच बोलकं. दिल्ली हायकोर्टाच्या न्यायमूर्तींनी २०२३ च्या निकालात लिहिलं की भाग बघताना चेंबरमध्ये कानाला इअरफोन लावावे लागले, इतकी भाषा घाण होती. वर्षभरानं, १९ मार्च २०२४ ला, सुप्रीम कोर्टानं गुन्हा रद्द केला. शिवराळ भाषा किळसवाणी वाटू शकते, पण तेवढ्यानं ती अश्लील होत नाही, असं न्यायमूर्ती बोपण्णा आणि नरसिंह यांनी ठरवलं. अश्लील ठरायला कामवासना चाळवली जावी लागते, आणि शिवी देणारा बहुधा रागात असतो.

तरीही पुढच्याच वर्षी ‘इंडियाज गॉट लेटंट’ या यूट्यूबवरच्या कार्यक्रमाच्या एका भागावरून यूट्यूबर रणवीर अलाहाबादियावर मुंबई, गुवाहाटी अशा ठिकाणी गुन्ह्यांची रांग लागली, आणि त्यात जयपूरचंही नाव आलं. १८ फेब्रुवारी २०२५ ला, म्हणजे ‘दादी’ प्रकरणाच्याच आठवड्यात, सुप्रीम कोर्टानं त्याला अटकेपासून संरक्षण दिलं, पण आधी चांगलंच फैलावर घेतलं. या भाषेचं तुम्ही समर्थन करता का, असं न्यायमूर्ती सूर्यकांत यांनी विचारलं तेव्हा त्याचे वकील अभिनव चंद्रचूड म्हणाले की मला स्वतःला किळस आली, पण तो गुन्हा आहे का हा प्रश्न वेगळा. हा फरक लोकांच्या गळी उतरत नाही. आईबापांबद्दल घाणेरडं बोलणाऱ्या पोरावर आख्खा देश खवळला. त्या बोलण्यानं नेमका मार कुणाला बसला, हे विचारण्याची गरज कुणाला वाटली नाही.

दिवाळी अंक वाचणाऱ्यांनी आपलं घरचं उदाहरणही विसरू नये. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लील म्हणून खटला उभा राहिला. मुंबई हायकोर्टानं लेखकाला दोषी धरलं. सुप्रीम कोर्टानं १९६९ मध्ये सोडलं. तिथेही सगळी चर्चा एकाच गोष्टीची, की वाचणाऱ्याच्या मनावर काय परिणाम होईल. इंग्रजांनी घालून दिलेली ही वाट आपण अजून सोडलेली नाही. नजर बघणाऱ्यावर, ऐकणाऱ्यावर, वाचणाऱ्यावर असते. ज्याच्यावर शब्द फेकला जातो तो चौकटीबाहेर.

एका नटीचे दोन खटले

राजस्थानच्या कोर्टांत शिल्पा शेट्टीचं नाव दोन वेगळ्या कारणांनी आलं. दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवली की समाजाचं तारतम्य उघडं पडतं.

पहिलं एप्रिल २००७ चं. दिल्लीत ट्रक ड्रायव्हरांसाठी एड्स जागृतीचा कार्यक्रम होता. व्यासपीठावर हॉलिवूडचा नट रिचर्ड गेअरनं तिला मिठीत घेऊन गालाचे मुके घेतले. तक्रार जयपूरच्या कोर्टात दाखल झाली. कोर्टानं हे कृत्य अश्लील मानलं आणि गेअरच्या अटकेचं वॉरंट काढलं. मार्च २००८ मध्ये सुप्रीम कोर्टानं वॉरंट स्थगित केलं आणि स्वस्त प्रसिद्धीसाठी अशा तक्रारी होतात असंही सुनावलं. राजस्थानातल्याच आणखी एका तक्रारीचा खटला पुढे मुंबईत आला. तिथल्या दंडाधिकाऱ्यांनी जानेवारी २०२२ मध्ये शिल्पा शेट्टीला आरोपमुक्त करताना म्हटलं की ती तर यात पीडित दिसते. हे समजायला पंधरा वर्षं लागली. जिच्या अंगावर प्रसंग आला तिलाच आरोपी केलं होतं.

दुसरं प्रकरण डिसेंबर २०१७ चं. एका जुन्या मुलाखतीत सलमान खाननं आपल्या नाचाबद्दल आणि शिल्पा शेट्टीनं घरातल्या आपल्या अवताराबद्दल बोलताना सफाई काम करणाऱ्या जातीचं नाव उपमेसारखं वापरलं होतं. दोघं हसले, मुलाखत घेणाराही हसला असेल. सलमानचा ‘टायगर जिंदा है’ लागायच्या सुमारास ती चित्रफीत फिरली आणि वाल्मीकी समाज रस्त्यावर आला. जयपूरच्या राजमंदिर सिनेमागृहावर पोस्टरं फाटली. चुरूच्या कोतवालीत गुन्हा नोंदला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थान हायकोर्टाच्या जोधपूर पीठानं तो रद्द केला. अपमान करण्याचा हेतू दिसत नाही, हे त्यामागचं मुख्य कारण.

निकाल कायद्याला धरून असेलही. पण जरा विचार करा. त्या शब्दात आईमाई नव्हती, शरीर नव्हतं, कसली वासना नव्हती. तो कुठल्याही अश्लीलतेच्या चाळणीतून सहज पार पडतो. आपल्यापैकी कितीतरी सज्जन, शिवी तोंडात न येणारे लोक तो शब्द घरात अजागळ पोराला बोलताना वापरतात, आणि आपण शिवी दिली असं त्यांच्या गावीही नसतं. मी तो शब्द इथे लिहिलेला नाही, कारण लेखात कुठलीही भ-काराची शिवी छापली तरी वाचकांतला एक समाज त्यातून वेगळा काढला जात नाही. या शब्दानं मात्र काढला जातो.

हायकोर्टाच्या आवारातला मनू

जयपूरला हायकोर्टाच्या आवारात मनूचा पुतळा उभा आहे. १९८९ मध्ये न्यायिक अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या पुढाकारानं तो बसला. महिन्याभरातच फुल कोर्टानं तो हलवायचा ठराव केला. विश्व हिंदू परिषदेचे आचार्य धर्मेंद्र कोर्टात गेले, स्थगिती मिळाली, आणि पुतळा आजवर जागचा हललेला नाही. आंबेडकरांचा पुतळा आवाराबाहेर, चौकात. महाराष्ट्राशीही या पुतळ्याचं नातं आहे. जिथे बाबासाहेबांनी १९२७ च्या डिसेंबरात मनुस्मृती जाळली त्या महाडहून डॉ. बाबा आढावांनी जयपूरपर्यंत या पुतळ्याविरुद्ध मोर्चा नेला होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये औरंगाबादकडच्या दोन बायकांनी चढून त्याच्या तोंडाला काळं फासलं आणि त्या अटकेत गेल्या.

या वादात मनूचं स्त्रियांविषयी, शूद्रांविषयी काय म्हणणं होतं हे निघतं. त्यानं शिवीचा कायदाही लिहिला आहे, हे फारसं कुणी काढत नाही. आठव्या अध्यायात वाक्पारुष्याचं, म्हणजे कठोर बोलण्याचं प्रकरण आहे. त्यात दर ठरवलेले आहेत. क्षत्रियानं ब्राह्मणाला शिवी दिली तर शंभर पण दंड. वैश्यानं दिली तर दीडशे किंवा दोनशे. शूद्रानं दिली तर शारीरिक शिक्षा. उलट बाजूनं, ब्राह्मणानं क्षत्रियाला दिली तर पन्नास, वैश्याला पंचवीस, शूद्राला बारा. शूद्रानं द्विजाला फार कठोर बोललं तर जीभ छाटावी, त्याच्या नावाजातीचा उपमर्द केला तर तापलेली लोखंडी सळई तोंडात खुपसावी, इथपर्यंत ते जातं. आणि सारख्या वर्णातल्या दोघांत उच्चारूही नये अशी घाण शिवी दिली गेली तर? साध्या शिवीच्या दुप्पट. म्हणजे चोवीस पण.

चोवीस पण आणि छाटलेली जीभ. मनूच्या लेखी शब्दाची घाण ही किरकोळ बाब होती. कोण कुणाला बोललं, हा खरा गुन्हा. त्याची बाजू घ्यायचा प्रश्नच नाही. पण शिवी हा उतरंडीचा मामला आहे हे त्यानं ओळखलं होतं, हे मान्य करावं लागतं. १८६० च्या इंग्रजी दंड विधानानं सगळ्यांना एका पातळीवर आणलं, ही मोठीच गोष्ट झाली. मात्र त्याबरोबर उतरंडीचा प्रश्न नजरेआड गेला आणि त्या जागी सभ्यतेचा प्रश्न येऊन बसला.

तो प्रश्न कायद्यात परत आला, तोही नेमका ज्या वर्षी मनूचा पुतळा बसला त्याच वर्षी. सप्टेंबर १९८९ मध्ये संसदेनं अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा केला. आता त्याच्या तिसऱ्या कलमात लोकांदेखत जातीच्या नावानं शिवीगाळ करण्याला सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. मनूच्या दरपत्रकाचं हे नेमकं उलटं टोक. खालून वर जाणाऱ्या शिवीऐवजी वरून खाली येणारी शिवी जबर गुन्हा ठरली. आपल्या सगळ्या शिवी-कायद्यात हे एकच कलम असं आहे जे बोलणारा कोण आणि ज्याला बोललं तो कोण, हे आधी विचारतं.

पण विचारतं म्हणजे किती? नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थान हायकोर्टाच्या जोधपूर पीठासमोर अचल सिंह यांचं प्रकरण आलं. घटना २०११ ची, जैसलमेरची. अतिक्रमण बघायला गेलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना शिवीगाळ झाली होती. त्यात चार शब्द होते, नीच, भिकारी आणि तशाच अर्थाचे, आणि त्यांतला एक तोच, राजमंदिरवर पोस्टरं फाडायला लावणारा. हायकोर्टानं म्हटलं की ही जातीची नावं नव्हेत, समोरचे कुठल्या जातीचे हे आरोपींना ठाऊक होतं असाही पुरावा नाही, आणि लोकांदेखत घडल्याचा स्वतंत्र साक्षीदार नाही. ॲट्रॉसिटीचा आरोप रद्द झाला. सरकारी कामात अडथळ्याचा खटला चालू राहिला.

तांत्रिक बाजूनं निकालाला आधार असेल. तरी एक गोष्ट नजरेत भरते. जातीचं नाव यादीत आहे का, हे कोर्ट शब्दकोशासारखं बघतं. तो शब्द बाजारात, ओट्यावर, सरकारी कचेरीत कशासाठी वापरला जातो, हे बघत नाही. बघायचं म्हटलं तर जयपूरच्या कुठल्याही वस्तीत त्याचं उत्तर मिळेल. आणि लोकांदेखत घडल्याचा साक्षीदार कुठून आणायचा? ज्या कचेरीत साहेब दार लावून शिवी देतो, तिथे साक्षीला फक्त छताचा पंखा असतो. मग पोलीस एफआर, म्हणजे अंतिम अहवाल लावतात, शेरा पडतो ‘अदम वकू’, म्हणजे असं घडलंच नाही.

पाचशे रुपये

महाराष्ट्रात या प्रश्नाला दोन टोकांची उत्तरं आहेत. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही शेजारशेजारची गावं. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि हातवारे करत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. हा ‘बोरीचा बार’. वाद्यं वाजतात, पोलीस बंदोबस्तालाच असतात. कुणी तक्रार करत नाही, कारण शिवी ओढ्यावरून जाते तशी परतही येते.

दुसरं टोक अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात, सौंदाळ्याला. तिथल्या ग्रामसभेनं २८ नोव्हेंबर २०२४ ला ठराव केला, की आईबहिणीवरून शिवी देईल त्याला पाचशे रुपये दंड. सरपंच शरद आरगडे यांनी मांडलेल्या या ठरावामागचं कारण सरळ होतं. भांडतात पुरुष, आणि अब्रू निघते त्या बाईची, जी तिथे हजरही नसते. वर्तमानपत्रांनी या बातमीला गमतीची जागा दिली. मला त्यात गंमत दिसत नाही. दंड संहितेच्या कलमांपेक्षा या ग्रामसभेला एक गोष्ट नीट कळली आहे. तिनं आजूबाजूच्यांच्या कानांची काळजी केली नाही. शिवी कुणाच्या नावानं फुटते, ते तिनं बघितलं.

सौंदाळ्याचा दंड सगळ्यांना सारखाच आहे. हातगाडीवाल्याला आणि स्कूटरवाल्याला पाचशेच. गावाला तेवढं पुरेल. देशाच्या कायद्याला मात्र त्याहून पुढे जावं लागेल, आणि त्यासाठी नवं कलम करायची गरज नाही. लेटंटच्या पोराला, वेब मालिकेला, चित्रपटाला, कथेला कोर्टांनी सोडावं. तिथे शिवी सुटते पण अंगावर पडत नाही. आणि ठाण्यात फिर्याद लिहिताना, कोर्टात उलटतपासणी घेताना, शब्द किती घाण होता हा प्रश्न सगळ्यात शेवटी यावा. पहिला प्रश्न असावा की ज्याला शिवी दिली, त्याला ती परत देता आली असती का. देता आली असती, तर बहुतेक वेळा ते भांडण आहे आणि घरी जाऊन विसरता येतं. देता आली नसती, तर मग शब्द ‘दादी’ असो नाहीतर जातीचं नाव, फिर्याद पुढे चालली पाहिजे.